उजवीकडून डावीकडे वाचावे

"बाई, तुम्ही शाळेत असताना मवाली होतात का?"

प्रश्न म्याऊच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो तिचा नव्हता. पैज तिची मैत्रीण रेडिओ हिने लावली होती आणि पैजेचे नियम पट्टी नावाच्या दुसऱ्या मैत्रिणीने वहीच्या कागदावर लिहून काढले होते. प्रश्न पूर्ण वाक्यात विचारायचा. सुरुवातीला 'बाई' म्हणायचं. उत्तर येईपर्यंत पळायचं नाही. हा शेवटचा नियम लिहून झाल्यावर त्या दोघी स्वतः जिन्यामागे पळून गेल्या, पण त्या दोघींना नियम लागू नव्हता.

मागच्या वर्षी हे घडणं शक्यच नव्हतं. तेव्हा म्याऊ हजेरीला 'हजर' म्हणायची ते कपाटाखालून मांजर बोलल्यासारखं ऐकू यायचं, म्हणून तर हे नाव पडलं. यंदा तिला एकदम कंठ फुटला. का फुटला ते घरात कुणालाच कळलं नाही. आई म्हणाली वाढत्या वयाने, बाबा म्हणाले वायर कुठेतरी सैल होती ती बसली असेल. आवाज बदलला, नाव तेच राहिलं. आता व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्याऊ उपमुख्याध्यापिकाबाईंना विचारत होती की तुम्ही मवाली होतात का.

यात तिची काहीच चूक नव्हती. चूक असलीच तर बाईंच्या भुवईची. डाव्या भुवईच्या बरोबर मधून एक पांढरी रेघ गेली होती, तिथे केस उगवत नव्हते. अख्खी शाळा बाईंना मागून 'भुवई' म्हणायची. आणि ज्याने आयुष्यात मवाल्यांच्या चार मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचल्या असतील त्याला विचारा, दुभंगलेली भुवई म्हणजे काय. ती भुवई गल्लीच्या टोळीचा म्होरक्या असल्याशिवाय मिळत नाही.

बाई थांबल्या. म्याऊकडे पाहिलं. दोन बोटांनी भुवईवरून हात फिरवला, जणू ती जागेवर आहे ना एवढंच बघायचं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मवाली तुझी आई होती."

आणि चालू लागल्या.

*

म्याऊची आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. फ्रेममध्ये काच, काचेला स्क्रू, स्क्रूला मुंगीएवढा पेचकस. दिवसभर हे करून घरी आल्यावरसुद्धा तिचा आवाज दुकानातलाच असायचा. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ती "तुम्ही आधी होतात का, सॉरी हं" असं म्हणून त्याला वाट करून द्यायची. ही बाई मवाली असेल तर मग शाळेच्या बागेतली गोगलगाय दरोडेखोर होती.

"आई, तू मवाली होतीस?"

आई उशीला अभ्रा घालत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण उशी आत जाईना.

"कोण म्हणालं?"

"बाई."

"काय म्हणाली?" असं आई म्हणाली आणि लगेच, "काय म्हणाल्या?"

म्याऊने ते टिपून ठेवलं. पालकसभेत ती तीन वर्षं बघत होती. बाई म्हणायच्या, "तुमच्या मुलीचं गणित बरं आहे." आई म्हणायची, "तुमचे आभार." मध्ये टेबल, टेबलावर प्रगतिपुस्तक. दोघी एकमेकींशी अशा बोलायच्या जशा बँकेच्या काउंटरवरच्या बाईशी लोक बोलतात. आणि आज उशीला अभ्रा घालता घालता 'म्हणाली'.

बाबा कोपऱ्यात मोजे शोधत होते. ते लिफ्टा दुरुस्त करायचे, आणि आयुष्यातल्या बहुतेक प्रसंगांसाठी त्यांच्याकडे एकच सल्ला होता. तो त्यांनी दिला. "अडकलं की बटणं दाबत बसू नये. गप्प उभं राहावं. येतं कुणीतरी."

म्याऊने अर्थातच सगळी बटणं दाबली.

*

इथे थोडं थांबून त्या तिघींच्या कामाची माहिती द्यायला हवी, नाहीतर पुढचा घोटाळा नुसता मूर्खपणा वाटेल. तो मूर्खपणा होताच, पण अभ्यासपूर्ण होता.

रेडिओ, पट्टी आणि म्याऊ मिळून एक वही ठेवायच्या. वहीवर लिहिलं होतं, 'खेळांचे ॲनिमे आणि मवाल्यांच्या मांगा : यशाची आणि अपयशाची कारणे'. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. मधल्या सुट्टीत वहीत नोंदी व्हायच्या. रेडिओचं मत असं की यश मारामारीवर असतं. पट्टीचं मत असं की यश केसांवर असतं. मवाल्याचे केस वाऱ्याविरुद्ध उभे राहिले नाहीत तर मालिका तिसऱ्या भागात मरते. म्याऊचं मत जरा लांब होतं. ती म्हणायची, जिंकणाऱ्याचा चेहरा कुणालाही काढता येतो. हरणाऱ्याचा चेहरा तितक्याच मेहनतीने काढला असेल तर ती गोष्ट चालते. आणि मवाली कितीही मोठा असला तरी जगात एका माणसासमोर त्याची मान खाली गेली पाहिजे. ती गेली नाही तर तो मवाली नाही, नुसता दांडगट.

"आणि लपवलेली दुखापत," पट्टी म्हणाली. "घोटा मुरगळलेला असतो आणि कुणाला सांगत नाहीत."

"आणि तरी जिंकतात," रेडिओ म्हणाली.

"ते खोटं वाटतं मला," म्याऊ म्हणाली.

शाळेच्या वार्षिक अंकात या वर्षी स्वतःची चित्रकथा द्यायची असं तिघींनी ठरवलं होतं. चित्रं म्याऊ काढणार, केस पट्टी काढणार, रेडिओ सगळ्यांना सांगणार. फक्त गोष्ट नव्हती. आणि आता बाईंनी चालता चालता ती हातात ठेवली होती.

*

पहिला अर्धा भाग बाईंकडून मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी म्याऊला ऑफिसात बोलावलं, आता शिक्षा होणार म्हणून म्याऊ दोन रुमाल घेऊन गेली. शिक्षा झालीच नाही. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. शिपाईमामा कपाटातल्या फायली खोक्यात भरत होते. बाईंना दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून घेतलं होतं, अंक प्रकाशित झाला की त्या आठवड्यात जाणार होत्या. ही बातमी अजून कुणालाच नव्हती, म्हणजे ती दुपारपर्यंत रेडिओकडे जाणार होती.

"मी काल तसं बोलायला नको होतं," बाई म्हणाल्या.

"पण खरं आहे का?"

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. मग सांगितलं, एखादी सूचना वाचून दाखवावी तसं. दोघी एका संघात व्हॉलीबॉल खेळायच्या. आई चेंडू उचलून द्यायची, बाई उडी मारून पलीकडे हाणायच्या. पाच वर्षं. अंतिम सामना, शेवटचा गुण, चेंडू बाईंच्या बाजूला यायचा होता. "मी उडी मारलेली होती," बाई म्हणाल्या. "हवेत गेलेल्या माणसाला परत फिरता येत नाही. मी वर होते आणि चेंडू जाळीच्या खाली पडला. आलाच नाही माझ्याकडे."

"मग?"

"मग मी कपडे बदलायच्या खोलीत तिला म्हणाले, मुद्दाम केलंस. तिने पाण्याची स्टीलची बाटली फेकली. तीन टाके." भुवईवर पुन्हा दोन बोटं. "जा आता वर्गात."

दुसरा अर्धा भाग आईकडून काढायला आठ दिवस लागले. आई टेबलाशी बसून बाबांचा वाचायचा चष्मा दुरुस्त करत होती. पेचकस धरताना तिची करंगळी नेहमी बाहेर राहायची, वाकडी, चहाच्या कपाच्या कानासारखी. म्याऊने जन्मापासून ती करंगळी पाहिली होती आणि जन्मापासून 'दारात सापडलं होतं बोट' हे उत्तर ऐकलं होतं. पण दार कुठलं, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"कुठल्या दारात?"

आई बराच वेळ स्क्रू फिरवत राहिली. स्क्रू केव्हाच बसला होता.

"सामन्याच्या दिवशी सकाळी," ती म्हणाली. "तिला सांगणार नसशील तर सांगते. तिलाच काय, कुणालाच."

म्याऊने वचन दिलं. मग आईने सांगितलं. बोट मोडलं होतं, तिने फडकं बांधलं आणि कुणाला कळू दिलं नाही. चार सेट जमलं. शेवटचा चेंडू लांब उचलून द्यायचा होता आणि बोटाने दगा दिला. एवढंच.

"मग तू का नाही सांगितलंस की मुद्दाम नव्हतं?"

"हा शब्द या घरात नको," आई म्हणाली, आणि बाबांचा चष्मा त्यांच्या नाकावर स्वतःच्या हाताने बसवला.

त्या रात्री म्याऊला नीट झोप लागली नाही. अख्ख्या जगात दोन्ही अर्धे भाग फक्त तिच्याकडे होते. सांगणार नाही असं तिने वचन दिलं होतं. पण सांगणं वेगळं आणि काढणं वेगळं, असं तिने उजाडायच्या आत स्वतःला पटवलं. माणसाला मनासारखं करायचं असलं की व्याकरण फार कामाला येतं.

*

चित्रकथा आठ पानांची झाली. म्याऊला हात काढता येत नसल्यामुळे एका पानावर एकच मोठं चित्र, म्हणजे हात लांबून दिसतात. पहिल्या पानावर एका बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या दोन अनोळखी मुली. दुसऱ्यावर त्या चेंडू खेळताना हसतायत. तिसऱ्यावर दार आणि बोट. चौथ्यावर सामना. पाचव्यावर 'मुद्दाम' आणि बाटली. सहाव्यावर बरीच वर्षं, ती दाखवायला पट्टीने दोघींचे केस बदलले. सातव्यावर बोटाचं खरं कळतं. आठव्यावर मिठी. मिठीमागे सूर्य. बाई गाव सोडायच्या आधी अंक हातात पडेल, त्या वाचतील, आईला येऊन भेटतील, आणि आठवं पान जसंच्या तसं खरं होईल, असा म्याऊचा बेत होता. मवाल्यांच्या मांगात हे दर तिसऱ्या प्रकरणात घडतं. जे एकमेकांना बाटली मारतात तेच शेवटी एका छत्रीतून जातात.

जपानी मांगा असते तशी तिने ती रीतसर उजवीकडून डावीकडे काढली, म्हणजे नव्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यापासून सुरुवात. मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कृपया इथून सुरुवात करावी. उजवीकडून डावीकडे वाचावे.'

शेजारपाजाऱ्यांचा सल्ला न घेता म्याऊच्या इमारतीत कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, गोष्ट छान आहे पण शेवटी एखाद्या मुलीचं लग्न लाव, लोकांना बरं वाटतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त टपालमास्तर म्हणाले, काहीही कुणाकडे दिलंस की पोच घे. "पोच नसेल तर ती वस्तू जगात नाही," ते म्हणाले. म्याऊने दोघांचे आभार मानले आणि दोघांचंही ऐकलं नाही. पुढे कळलं की एकाचं ऐकायला हवं होतं.

अंकाच्या अर्जावर रकाने चार होते. कथा, कविता, चित्र, क्रीडावृत्त. भाषेच्या सरांनी वही उघडून लगेच मिटली. "यात चित्रं आहेत, चित्रकलेकडे जा." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "यात शब्द आहेत, भाषेकडे जा." म्याऊ या दोन खोल्यांच्या मध्ये तीनदा जाऊन आली, चौथ्या वेळी दोघांनीही आतून कडी लावली. शेवटी खेळाच्या सरांना तिची दया आली. "यात व्हॉलीबॉल आहे ना? मग क्रीडावृत्त. आण इकडे." त्यांनी वरच्या कोपऱ्यात शिक्का मारला आणि विचारलं, "निकाल काय?"

"म्हणजे?"

"कोण जिंकलं? क्रीडावृत्ताला निकाल लागतो."

म्याऊने खूप विचार केला. "दोघी हरल्या," ती म्हणाली.

"तसा रकाना नाही," सर म्हणाले, आणि 'अनिर्णित' असं लिहिलं.

तिथून वही ऑफिसातल्या कारकुनांकडे गेली. कारकून नियमाचे पक्के. मागच्या पुठ्ठ्यावरची सूचना वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. सूचना मुख्याध्यापक देतात, विद्यार्थ्यांनी सूचना द्यायच्या नसतात. त्यांनी पुठ्ठा काढून घेतला, वहीला शाळेचं वेष्टन लावलं आणि छापखान्याला धाडून दिली. पोच कुणी मागितली नाही.

*

अंक आला. क्रीडावृत्त, पान एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस. छापखान्याने जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांसारखी वही डावीकडून उघडली होती.

पान एक्केचाळीसवर मिठी. मग बोटाचं काहीतरी कळल्याचं चित्र. मग बरीच वर्षं, पण उलटी. मग दुभंगल्या भुवईच्या मुलीला बाटली. त्यानंतर सामना, आणि सामन्यानंतर दार आणि बोट. म्हणजे सरळ वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला हे दिसत होतं की एका मुलीने दुसरीला बाटली मारली, आणि त्या दुसरीने सूड म्हणून पहिलीचं बोट दारात चेंगरलं. आणि तिची भुवई कुणाची आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्याऊने चेहरा बदलला होता, नाव दिलं नव्हतं, पट्टीने केस तर ओळखूही येणार नाहीत असे काढले होते. भुवई मात्र तशीच ठेवली होती. भुवई काढून टाकली तर गोष्टच उरत नव्हती. वर पुन्हा शीर्षक 'क्रीडावृत्त', शिक्का, निकाल. म्हणजे घडलेलं.

"विक्रमी यश," रेडिओ म्हणाली. "शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी वार्षिक अंक वाचलाय."

ते यश दुसऱ्या दिवशी दिसलं. पाचवीच्या मुली बाई व्हरांड्यात दिसल्या की दोन्ही हात पाठीमागे लपवायला लागल्या. कुणी शिकवलं नव्हतं. रांगेने उभ्या, आणि रांगेने हात मागे. बाईंना कळेना. त्यांना वाटलं ही काहीतरी नवी शिस्त आहे, त्या एकीला शाबास म्हणाल्या. ती रडायला लागली. तिसऱ्या दिवशी एका पालकांचं पत्र आलं, चौथ्या दिवशी आणखी दोन. वर्गाचं दार बाईंनी स्वतः लावू नये, अशी एकाची मागणी होती. काकूंनी समोरच्या दारातून सांगितलं, "मी म्हणाले होते, लग्न लाव." टपालमास्तरांनी फक्त मान हलवली, ते जास्त लागलं.

म्याऊ बाईंकडे गेली तेव्हा बाईंसमोर अंक उघडा होता. पान शेहेचाळीस. दार आणि बोट.

"मी असं केलं असं वाटतं तुला?"

"नाही, बाई. ते उलटं छापलंय. मागून वाचायचं. म्हणजे आधी बोट, मग सामना, मग..."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती सांगतेय. काढत नाही, सांगतेय. वचन मोडलं ते त्या 'मग' शब्दावर.

बाईंनी पान शेहेचाळीसवर बोट ठेवलं. एक एक पान मागे उलटत गेल्या. शेहेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. चव्वेचाळीसवर थांबल्या. तिथे संवादाच्या फुग्यात एकच शब्द होता, 'मुद्दाम', आणि तो त्यांचाच होता.

"आधी बोट," बाई म्हणाल्या. आणि अंक मिटला.

म्याऊने यंदा पहिल्यांदाच मांजरासारख्या आवाजात 'सॉरी' म्हटलं.

*

मुख्याध्यापकांनी सगळ्यांना शुक्रवारी बोलावलं. आईने दुकानातून अर्धी रजा घेतली. घरून निघताना ती म्याऊला एक शब्द बोलली नाही. हे रागावण्यापेक्षा वाईट, कारण रागावलं तर निदान उत्तर देता येतं.

ऑफिसबाहेर चौघांना पुरेल असा एक बाक होता. बाई आधीच उभ्या होत्या.

"बसा ना तुम्ही," आई म्हणाली.

"नाही, नाही, तुम्ही बसा."

शेवटी दोघी बसल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये दोन माणसांची जागा. म्याऊ सूचनाफलकाशी उभी होती, आणि हे चित्र तिने काढलं होतं. पान अठ्ठेचाळीस. तिच्या दृष्टीने ते पहिलं पान होतं, पण छापखान्याने ते शेवटी टाकलं होतं. दोन अनोळखी मुली. फक्त आता केस पिकायला लागलेले.

आतून टाइप करण्याचा आवाज येत होता. बाईंनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "बोट कधी सापडलं?"

ना तू, ना तुम्ही. मधलंच वाक्य. मराठीत अशी वाक्यं करता येतात, आणि या दोघींनी तीन वर्षं नाइलाजाने त्यात प्रावीण्य मिळवलं असावं.

"सकाळी," आई म्हणाली. "मैदानावर यायच्या आधी."

"आणि सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर मला बाहेर बसवलं असतं. आणि तुला दुसऱ्या कुणाचा चेंडू जमत नव्हता."

आईने बाईंना 'तुला' म्हटलं होतं, आणि म्हटल्याचं तिच्या स्वतःच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"दाखव," बाई म्हणाल्या.

आईने हात मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला. उताणा नाही, पालथा. करंगळी बाकाला टेकत नव्हती. बाईंनी वाकून पाहिलं, डॉक्टर बघतात तसं, हात न लावता.

"त्या वेळी का नाही सांगितलंस? मी म्हणाले तेव्हा?"

"आधी सांगितलं तर कारण असतं," आई म्हणाली. "नंतर सांगितलं की सबब होते."

"बावीस वर्षं?"

"तू पण बावीस वर्षं विचारलं नाहीस."

बाईंनी भुवईवर बोटं नेली आणि मध्येच खाली घेतली. "मी हवेत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मला एकटीला वर सोडलंस."

आई काही बोलणार होती. नक्की बोलणार होती, तिचं तोंड उघडलेलं म्याऊने पाहिलं. तेवढ्यात दार उघडून शिपाईमामा म्हणाले, "आत बोलावलंय."

बाई उठल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या. "चला," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी."

आत सगळं पाच मिनिटांत उरकलं. मुख्याध्यापकांनी शुद्धिपत्रक काढायचं ठरवलं, 'क्रीडावृत्त मागील पानापासून वाचावे'. दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवायचं होतं. बाई म्हणाल्या, "यांचं बोट मी चेंगरलं नाही. पण ते बावीस वर्षं दुखलं त्यात माझा भाग आहे, असं लिहा."

मुख्याध्यापक खरोखर हळहळले. "बाई, शुद्धिपत्रकात तसं नाही बसत."

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या. आईला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं चित्र चांगलं आहे."

"तुमचे आभार," आई म्हणाली.

*

शनिवारी बाई गेल्या. खोकी आदल्या दिवशीच गेली होती. कुणी मिठी मारायला आलं नाही, कुणी गाडीमागे पळालं नाही. वहीतल्या नोंदींप्रमाणे किमान एका पात्राने पळायला हवं होतं. आई नेहमीसारखी दुकानात गेली आणि एका माणसाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवून आली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तो माणूस परत आला तेव्हा आई म्हणे सॉरीसुद्धा म्हणाली नाही, नुसती काचांकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने म्याऊच्या डोक्यावर हात ठेवला, कितीतरी दिवसांनी, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळाखाली काहीच नव्हतं.

बाबा दारात उभे राहिले. ते आत गेले नाहीत. "अडकलं की," त्यांनी सुरुवात केली, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

रविवारी सकाळी म्याऊने वही काढली. 'यशाची आणि अपयशाची कारणे' यातल्या रेडिओच्या आणि पट्टीच्या नोंदी तिने तशाच ठेवल्या, मारामारी आणि केस यांनाही जगात जागा आहे. स्वतःच्या नोंदीखाली तिने लिहिलं : मवाल्यांच्या मांगा मारामारीमुळे फसत नाहीत. शेवटच्या मिठीमुळे फसतात, जेव्हा ती वाचणाऱ्यासाठी काढलेली असते आणि त्या दोघींसाठी नसते. मग तिने नवं पान घेतलं. दुपारपर्यंत दार लावून बसली. हात पहिल्यांदाच जवळून काढले. चार वेळा खोडले, पाचव्या वेळी जमले.

दुपारी आई-बाबा टेबलाशी बसले होते. म्याऊ त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज मांजराचा नव्हता आणि व्हरांडा दणाणून सोडणाराही नव्हता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "शुद्धिपत्रक उद्या छापायला जाईल. ते जाऊ दे, बाईंसाठी ते जायलाच हवं. पण त्यासोबत मी एक पान देणार आहे, आणि ते घेतल्याशिवाय ऑफिसातून हलणार नाही. पोच घेऊन येणार. मिठी रद्द. सूर्य रद्द. त्या जागी दोघी बाकावर, एक इकडे, एक तिकडे, मध्ये जागा आणि जागेवर एक हात. आणि एकच फुगा. त्याची एक प्रत बाईंच्या नव्या शाळेच्या पत्त्यावर पाठवणार."

"फुग्यात काय?" बाबांनी विचारलं.

म्याऊने आईकडे पाहिलं. आई टेबलावरच्या स्वतःच्या करंगळीकडे बघत होती.

"एकच शब्द," म्याऊ म्हणाली. "'तू'. पुढचं वाक्य मी काढणार नाही, आई. ते तुझं आहे."